प्रसंग क्रमांक एक

डिंडोली, सुरत
१८ ऑगस्ट २०२४

ताई,

डुक्कर फळीवर चढेना म्हणून मला बोलावलं. दोघं मागून ढकलत होते, एकाने कान धरला होता, आणि ते चारही पाय रोवून ओरडत होतं. आत डॉक्टर लोक चहा पीत होते. त्यांना आवाज जात होता. ललितभाई दारात आले आणि म्हणाले, "भूपेंद्र, आ तारा भाईने समजाव." डुकराला माझा भाऊ म्हणाले म्हणून सगळे हसले. मी तिघांना बाजूला केलं, फळीच्या वरच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "चाल भो, चाल." ते गप्प झालं. आपणहून वर आलं. माझ्या बुटाला नाक लावलं, तेवढ्यात हिलालने मानेत सुई टोचली.

तू म्हणालीस की जे बघतोस ते लिहून पाठव, फोनवर बोलू नकोस. ते बरं झालं. फोन गेटवर जमा होतो आणि कंपनीचं हजेरीचं ॲप त्यात आहे. ललितभाई कधीकधी कोणाचाही फोन मागून बघतात. घरी आलो की लिहीन.

कामरेजच्या पुढे हायवेला लागून आमची जागा आहे. मागे डुकरांचा गोठा, पुढे एसी हॉल, मध्ये टेबल. कंपनी आतडं कापून त्याच वेळी शिवणारं यंत्र बनवते. पिस्तुलासारखं हातात धरतात. खटका दाबला की 'फायर केलं' म्हणतात. सुरत, नवसारी, वापीकडचे सर्जन येतात, दहा-बारा जण. भूल दिलेल्या डुकराचं पोट उघडलेलं असतं. प्रत्येक जण एकदा फायर करतो. मग जेवण, मग ऑर्डरचे फॉर्म. डुकराला शेवटचं इंजेक्शन देतात. दारावरच्या बोर्डावर 'प्रशिक्षण केंद्र' लिहिलं आहे. शिकवायला कोणी नसतं. ललितभाई असतात, ते मार्केटिंगचे, बी.कॉम.

माझं काम खाऊ घालण्याचं आणि धुण्याचं. पण मला ठेवलंय ते मी हाक मारली की ती येतात म्हणून. ओरडलेलं जनावर भुलीला जास्त औषध घेतं, असं जनावरांचे डॉक्टर म्हणतात. हिलाल भुलीच्या डॉक्टरांचा मदतनीस. आपल्याच गल्लीतला, वर्षावहिनीचा नवरा, तुला आठवत असेल. लूम बंद पडल्यावर मला इथे त्यानेच लावलं. परवा मला म्हणाला, "भूपा, तुझ्या हातचं खाऊन कोणी महिनाभर जगलेलं मी बघितलं नाही. मला चहा देऊ नकोस."

आई बरी आहे.

भूपेंद्र


पुणे
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय भूपेंद्र,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. लिहितोस चांगलं. विशेषणं घालत नाहीस, तसंच ठेव.

आमच्या संस्थेचं काम काय ते तुला नीट सांगते, म्हणजे काय बघायचं ते कळेल. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं विकताना जिवंत जनावरं वापरण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार झाला आहे. कलम सात. त्यावर समिती सूचना मागवते आहे. चोवीस सप्टेंबरला सुनावणी आहे. आमच्या बाजूचं निवेदन मी लिहिते आहे. पहिल्यांदा माझ्या नावाने जाईल.

कंपन्यांचं म्हणणं असं की जनावराला भूल दिलेली असते, त्याला काही कळत नाही, मग क्रूरता कुठे? या एका वाक्यावर आम्ही हरतो. तुझ्या पत्रात जे आहे, हसणं, जेवण, फॉर्म, ते वाचून वाईट वाटतं. वाईट वाटण्याने कलम टिकत नाही. मला असा एक प्रसंग हवा आहे ज्यात भूल फसली. जनावर तडफडलं आणि तरी विक्री थांबली नाही. तारीख, वेळ, कोण कुठे उभं होतं.

तसं काही तू पाहिलं आहेस का? नसलं तर लक्ष ठेव. वेळ थोडा आहे.

पोळ्याला मला येता येणार नाही, आईला सांग. आणि हे कशासाठी लिहितोस ते तिला सांगू नकोस. ती अर्धी गल्ली गोळा करेल.

ताई


कामरेज
४ सप्टेंबर २०२४

ताई,

तू म्हणालीस तसं काल झालं.

सकाळी साडेनऊ. अकरा डॉक्टर होते. एक्केचाळीस नंबरचं जनावर. हिलालने सुई दिली, ते आडवं झालं, चौघांनी टेबलावर घेतलं. भुलीच्या डॉक्टरांनी नळी घालायला तोंड उघडलं आणि ते ओकलं. खूप ओकलं. आदल्या दुपारपासून पोट रिकामं ठेवायचं असतं, म्हणून कोणी तयार नव्हतं. ते आत छातीत गेलं. आवाज आला. तो कसा होता ते मला लिहिता येत नाही, बोअरचा पंप पाणी संपल्यावर ओढतो तसा थोडासा. पाय बांधलेले होते. डोळे उघडे होते आणि फिरत होते. भुलीचे डॉक्टर म्हणाले, "हे गेलं, दुसरं आणा." ललितभाईंनी घड्याळ बघितलं. दुसरं तयार करायला चाळीस मिनिटं लागतात आणि बारा वाजता जेवण. ते म्हणाले, "गरम आहे तोवर चालेल."

पोट उघडलं तेव्हा ते मेलेलं नव्हतं. मी पायाशी उभा होतो, पाय माझ्या हातात होते. पहिल्या तीन डॉक्टरांनी फायर केलं तोवर पाय ओढत होतं. चौथ्याच्या वेळी थांबलं. ललितभाईंनी आतड्याचं टोक चिमट्याने वर धरून सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "बघा सर. एक थेंब रक्त नाही."

रक्त कुठून येणार? पण डॉक्टर लोकांनी माना हलवल्या. एक जण हसला, त्याला समजलं असावं. त्यानेही फॉर्म भरला.

संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी हिलालला विचारलं, "खाणं कधी बंद केलंस?" हिलाल म्हणाला, "दुपारी बाराला. पाटी लावली होती." ते म्हणाले, "पाटी डुकराने वाचली नसेल." हिलाल माझ्याकडे बघून हसला.

परवा पोळा होता. मला सुट्टी मिळाली नाही. आईने डबा भरून दिला होता, तो इथे आणला.

भूपेंद्र


पुणे
९ सप्टेंबर २०२४

प्रिय भूपेंद्र,

हेच हवं होतं. "बघा सर, एक थेंब रक्त नाही" हे वाचल्यावर मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. कार्यालयात सगळ्यांना वाचून दाखवलं, तुझं नाव न घेता. आमच्या संचालक बाई म्हणाल्या, वीस वर्षांत असं वाक्य मिळालं नव्हतं.

निवेदनात हा 'प्रसंग क्रमांक एक' म्हणून घेतला आहे. मांडणी अशी केली आहे: उपाशी ठेवण्याचा नियम पाळूनही भूल फसली. म्हणजे नियम पाळले तरी यातना टळत नाहीत. म्हणून बंदीच हवी. हिलालने पाटी लावली होती हे म्हणूनच महत्त्वाचं आहे, ते मी ठळक केलं आहे.

सोबत प्रतिज्ञापत्र पाठवते. उधन्याला नोटरी आहेत, त्यांच्यासमोर सही करून लगेच स्पीड पोस्टने पाठव. तुझं नाव बंद लिफाफ्यात राहील, समितीच्या अध्यक्षांशिवाय कोणी बघणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. तडफड किती मिनिटं चालली? आणि तो आवाज तीनही फायरच्या वेळी होता का, की आधीच थांबला? आठवून लिही. तीन वेळा असेल तर उत्तम.

ताई


डिंडोली
१३ सप्टेंबर २०२४

ताई,

सही केली. नोटरीने वाचलं नाही. मिनिटं मी मोजली नव्हती, सहा-सात लिही. आवाज दोन वेळा होता.

भूपेंद्र


डिंडोली
१७ सप्टेंबर २०२४

ताई,

काल हिलालला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत येऊ नको म्हणाले. जनावरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आहे की खाणं वेळेवर बंद केलेलं नव्हतं, पोटातून जे निघालं त्यावरून ते उघड आहे. हिलाल एकच सांगतो, पाटी लावली होती.

त्याने लावली होती. मी बघितली होती.

मला पुढचं आधीच लिहायला हवं होतं. खायला मी घातलं.

नाना पोळ्याला लूमवर जात नसत, तुला आठवतं. आपल्याकडे बैल नव्हते, तरी गल्लीतल्या गाईला पोळी दिल्याशिवाय ते ताटावर बसत नसत. ते गेल्यापासून मुलगा म्हणून मी तसंच करतो. या वर्षी मी कामरेजला अडकलो. आईने चौदा पोळ्या दिल्या होत्या, निम्म्या माझ्या आणि निम्म्या इतर कोणाला द्यायला. संध्याकाळी पाचला डबा उघडला. जेवायचं तर आधी जनावराला द्यायला हवं. आणि माझ्या हाताखाली जनावर म्हणून जी आहेत ती हीच. आई ऐकेल तर मला अंघोळ घालेल. मला तेव्हा तसं काही वाटलं नाही. नानांचे बैल विकले गेले तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. मी ज्यांना खाऊ घालतो, ती ही.

एकेक तुकडा सगळ्यांना दिला. ज्याच्यावर पाटी होती त्या एक्केचाळीसला द्यायचा नव्हता. ते पुढचे पाय जाळीवर टेकून उभं राहिलं. दुपारपासून उपाशी होतं आणि बाकीची खात होती. पोळ्याच्या दिवशी एकालाच उपाशी ठेवायचं, आणि तेही उद्या ज्याचं पोट फाडायचं त्याला. मी एक पोळी दिली. मग उरलेल्या सगळ्या दिल्या. मला वाटलं सकाळपर्यंत पचेल. मी जेवलोच नाही त्या दिवशी, एकही उरली नव्हती.

तुला हे चार तारखेला लिहिलं नाही, कारण तुला तसा प्रसंग हवा होता आणि तो झाला होता. सही करतानाही गप्प राहिलो. पण आता हिलाल घरी बसला आहे. वर्षावहिनी काल आल्या होत्या. आईने चहा केला, मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही.

तो प्रसंग काढून टाक. मी ललितभाईंना जाऊन सांगतो की मी खाऊ घातलं. मला काढतील. काढू देत.

भूपेंद्र


पुणे
२० सप्टेंबर २०२४

भूपेंद्र,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मी शांत डोक्याने लिहिते आहे, तूही तसंच वाच.

तू जाऊन सांगितलंस तर काय होईल ते बघ. कंपनी समितीपुढे उभी राहील आणि म्हणेल, आमच्या पद्धतीत काही दोष नाही, आमच्या एका माणसाने डुकराला पुरणपोळ्या चारल्या. समितीतले लोक हसतील. एकदा हसले की प्रसंग गेला. प्रसंग गेला की कलम गेलं. मग ते विचारतील, हा माणूस कोण? बंद लिफाफा उघडतील. त्यात तुझं नाव. मग विचारतील, निवेदन लिहिणारी याची कोण? सख्खी बहीण. मग तुझ्याकडची पत्रं मागतील. माझ्या पंचवीस ऑगस्टच्या पत्रात काय आहे ते तुला माहीत आहे. 'असा एक प्रसंग हवा आहे. लक्ष ठेव.' नऊ दिवसांनी प्रसंग होतो, आणि तो तुझ्या हाताने. हे बनवलेलं नाही असं कोण म्हणेल? ते पत्र जाळ. आजच.

तू प्रतिज्ञापत्रावर सही केली आहेस. खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा आहे. हे मी भीती घालायला सांगत नाही, माहिती म्हणून सांगते.

हिलालबद्दल. तो कामाचा माणूस आहे. पलसाण्याला, सचिन गावाला, कुठेही लागेल. त्याला तोंड आहे, हात आहेत. ज्यांच्यासाठी हे चाललं आहे त्यांना दोन्ही नाहीत. देशभर अशी किती टेबलं आहेत याचा तुला अंदाज नाही. एका माणसाची नोकरी एका बाजूला आणि ती सगळी दुसऱ्या बाजूला. तू खाऊ घालतोस ना त्यांना? मग त्यांच्यासाठी एवढं कर.

तू पोळ्या का दिल्यास ते मला समजलं. पण तुझ्या दयेनेच ते तसं मेलं, हे विसरू नकोस. पोट रिकामं असतं तर त्याला काही कळलं नसतं. आता निदान त्या मरणाचा उपयोग होऊ दे.

तुला कोणी पाहिलं आहे का? पाहिलं नसेल तर प्रश्नच नाही. काही करायचं नाहीये तुला. फक्त गप्प राहायचं आहे. इतके दिवस राहिलासच.

ताई


डिंडोली, सुरत
२१ सप्टेंबर २०२४

सौ. जयश्रीताईंना हिलालचा नमस्कार.

तुमचा पत्ता तुमच्या आईकडून, सरलाकाकूंकडून घेतला. काय काम आहे ते त्यांना सांगितलं नाही. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही वकिली शिकलात आणि कागद कसा लिहायचा ते तुम्हाला कळतं. मला कंपनीला एक कागद लिहून द्यायचा आहे. माझ्यावर आळ आहे की मी डुकराचं खाणं वेळेवर बंद केलं नाही. मी केलं होतं. कोणी खाऊ घातलं ते मला माहीत आहे. मी खिडकीतून बघितलं. पण त्याचं नाव मी सांगणार नाही. सणाचा दिवस होता, त्याने वाईट हेतूने केलं नाही. मी त्याला तिथेच थांबवायला पाहिजे होतं. नाही थांबवलं. तो जनावराशी काहीतरी बोलत होता आणि मला मध्ये जायला बरं वाटलं नाही. मलाही वाटलं सकाळपर्यंत पचेल. म्हणजे चूक माझीही आहे.

तर नाव न घेता, खोटं न बोलता, नोकरी वाचेल असं काही लिहिता येतं का? सहा वर्षांत माझ्या हातून सुई चुकलेली नाही, हे त्यात घाला. चौकशी तीस तारखेला सकाळी दहाला आहे. मोठी मुलगी बारावीला आहे. दुसरीकडे विचारलं, पण सगळीकडे आधीच्या कंपनीचं पत्र मागतात आणि हे लोक काय लिहून देतील ते तुम्हाला कळतंच.

तुम्ही भूपेंद्रला यातलं काही सांगू नका. तो मनाला लावून घेईल.

तुम्ही लहान होतात तेव्हा माझ्या सायकलच्या नळीवर बसून शाळेत जायचात आणि घंटी मलाच वाजवू द्यायचा नाहीत. ते अजून सांगतो मुलींना.

आपला
हिलाल


पुणे
२५ सप्टेंबर २०२४

श्री. हिलाल यांस,

आपलं पत्र मिळालं. आपल्या कंपनीच्या संदर्भात आमच्या संस्थेचं एक प्रकरण सध्या समितीपुढे असल्यामुळे मला आपलं काम घेता येत नाही, तसंच या विषयावर सल्लाही देता येत नाही. सुरतेत कामगार न्यायालयाबाहेर चांगले वकील मिळतात.

आपल्या सांगण्याप्रमाणे भूपेंद्रला यातलं काही कळवलेलं नाही.

जयश्री


पुणे
२६ सप्टेंबर २०२४

प्रिय भूपेंद्र,

परवा सुनावणी झाली. प्रसंग क्रमांक एक मी स्वतः वाचला. वाचून झाल्यावर एका सदस्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. अध्यक्षांनी विचारलं, "हे याच वर्षी घडलं?" मी म्हणाले, "याच महिन्यात." नंतर चहाच्या वेळी तिघांनी येऊन माझं नाव विचारलं.

समितीने कलम सात स्वीकारायची शिफारस केली आहे. विक्रीसाठी जिवंत जनावर वापरता येणार नाही. कंपन्यांच्या आग्रहामुळे प्रशिक्षणाला सूट ठेवावी लागली, पण उपाशी ठेवल्याची नोंद दोघांच्या सहीने करावी असं उपकलम आलं आहे, ते सरळ आपल्या प्रसंगातून आलं. पहिलं पाऊल म्हणून मी समाधानी आहे. दिल्लीला मोठ्या पदावर बोलावण्याची शक्यता आहे.

तुझं उत्तर नाही. ते पत्र जाळलंस ना?

समितीने कंपनीकडून खुलासा मागवला आहे, त्यामुळे ते चौकशी घाईने उरकतील आणि तुला बोलावतील. "मला माहीत नाही" एवढंच म्हण. ते खोटं नाही, तुला काय काय माहीत नाही याची यादी मोठी आहे. तुला कोणी पाहिलेलं नाही. मी खात्री करून घेतली आहे.

ताई


डिंडोली
२९ सप्टेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. आमच्या दारावरच्या बोर्डावर पहिल्यापासून 'प्रशिक्षण' लिहिलेलं आहे, हे मी तुला पहिल्याच पत्रात कळवलं होतं. ललितभाईंनी शुक्रवारी सगळ्यांना पेढे दिले. म्हणाले, आता सरकारनेच सांगितलं, प्रशिक्षणाला हरकत नाही. पुढच्या महिन्यात आठवड्याला दोन कार्यक्रम आहेत, आधी एक असायचा. दोघांच्या सहीचं पुस्तक छापून आलं आहे. दुसरी सही माझी.

तू खात्री कशी करून घेतलीस ते मला कळलं नाही.

मी उद्या सांगणार आहे. पत्र जाळलेलं नाही, पण दाखवणारही नाही. तुझं नाव येणार नाही. मी म्हणेन, पोळा होता, मी दिलं, मला कळलं नाही. एवढंच. प्रतिज्ञापत्राचं काय व्हायचं ते होईल. तू म्हणतेस हिलालला तोंड आहे, पण तो ते उघडत नाही. पंधरा दिवस गल्लीत भेटतो, मान हलवतो आणि म्हणतो, "तू खातोस-पितोस ना नीट?" मी हो म्हणतो. मला त्याच्याकडे बघता येत नाही.

आईला अजून माहीत नाही. आज दुपारी मला म्हणाली, "हिलालनी बायको येल व्हती. रडी ऱ्हायनी व्हती. मी सांगं तिले, उपाशी जनावरले तुन्हा नवरानी खावाडं ना, ते चांगलंच करं." मी म्हणालो, आई, त्याने नाही खाऊ घातलं. ती म्हणाली, "मंग कोन?" मी जेवायला वाढ म्हणालो.

शुक्रवारी पेढे देताना ललितभाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हिलालच्या जागेवर माणूस लागेल, तुझा हात हलका आहे, जनावर तुझ्यापाशी हलत नाही, मग सुई तूच का देऊ नयेस. मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार करायचं काही नव्हतं, तोंडातून तसं निघालं. उद्या दहाला आत जाईन तेव्हा पहिलं वाक्य हेच बोलेन, की मी खाऊ घातलं. दुसरं काही विचारायच्या आत. आज तीन-चार वेळा मनात म्हणून बघितलं. गुजरातीतही म्हणून बघितलं, कारण ते गुजरातीत विचारतील.

आज रविवार, पोस्ट बंद. उद्या टाकतो.

भूपेंद्र

३० सप्टेंबर, दुपार

चौकशी दहाला सुरू झाली. ललितभाई, जनावरांचे डॉक्टर आणि ऑफिसच्या एक बाई होत्या. हिलाल खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. ललितभाईंनी विचारलं, खायला कोणी घातलं होतं. मी म्हणालो, हिलालने. त्यांनी विचारलं, तू बघितलंस? मी म्हणालो, हो. हिलालला विचारलं, काही म्हणायचं आहे का. तो माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, नाही. बाईंनी कागद पुढे केला, त्याने सही केली. सव्वादहाला संपलं. अकराला मला सुई कशी भरायची ते दाखवलं.